कमळाच्या पानातले केस

त्या दुपारी मी नेहमीसारखी मोबाइलसमोर बसले, डोळ्याला भिंग लावलं आणि ताईतांचा ऑनलाइन लिलाव सुरू केला. थायलंडमधल्या आमच्या फित्सानुलोकच्या बाजारात ताईत विकला असं म्हणत नाहीत, भाड्याने दिला म्हणतात. माझा नवरा पिसित माल आणायचा आणि खरा-खोटा सांगायचं काम माझं. मालैताईने, म्हणजे मी, हो म्हटलं की लोक डोळे मिटून माल घ्यायचे.

त्या दिवशी विहारातल्या फुंगबाबा भिक्खूंचे बारा ताईत होते. बाबांना जाऊन चाळीस वर्षं झालेली. कच्च्या मातीच्या पाठीवर त्यांच्या मुंडनाचे केस दाबून बसवलेले, वर काचेची डबी. पण आदल्याच आठवड्यात कुणीतरी नकली माल खपवला होता, त्यामुळे गिऱ्हाइकं बिथरली होती.

"ताई, माती जुनी वाटते. पण केस बाबांचेच कशावरून?"

भिंगाखाली केस माणसाचेच होते. मऊ, बारीक. का कोण जाणे, मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. कॅमेऱ्यामागून पिसितने मान डोलावली.

"माझ्या कोंगची शपथ," मी म्हणाले. "खोटे निघाले तर माझ्या लेकराला तिकडे शांती मिळू नये."

मग अकरा ताईत बघता बघता गेले. बारावा पिसितने स्वतःच्या गळ्यात घातला.

कोंग आमचा एकुलता. बाराव्या वर्षी उन्हाळ्यात विहारात दीक्षेला बसला, तेव्हा त्याच्या मुंडनाचे केस मी कमळाच्या पानात झेलले होते. त्याच पावसाळ्यात त्याला नदीने नेलं. ते पान मी देव्हाऱ्यातल्या डब्यात जपून ठेवलं होतं.

आठ दिवसांनी त्याच्या नावाने दान द्यायचं होतं, म्हणून डबा उघडला. सुकलेलं पान होतं. केस नव्हते.

"अहो... ह्यातले केस?"

पिसित नूडल्स खात होता. "मग जुने केस आणू कुठून? तुला सांगितलं असतं तर तुझा आवाज कापला असता. लोकांनी लगेच ओळखलं असतं."

"परत मागवा. भाड्यानेच दिलेत ना?"

"वेडी का काय? ते नुसतं म्हणायचं असतं गं."

सतरा वर्षं मी ह्या माणसाबरोबर संसार केला. आणि त्याने माझ्याच तोंडून माझ्या पोराला शाप वदवून घेतला. मी दोन दिवस अन्नाला शिवले नाही.

मग गिऱ्हाइकांचे निरोप यायला लागले. पहिला चियांगमाईहून. "ताई, केस थोडे वाढलेत का?" सोंगख्लाच्या बाईने फोटोच पाठवला. डबीच्या फटीतून केस बाहेर आले होते, ओले. खाली लिहिलं होतं, "नदीच्या गाळाचा वास येतोय. अस्सलच ना?"

काल दुपारी पिसित झोपेतून मान खाजवत उठला.

"जरा बघ गं, साखळी काचतेय."

मी भिंग घेऊन वाकले. साखळी सैल होती. गळ्याभोवती केसांचे दोन वेढे होते आणि तिसरा हळूहळू कानामागून पुढे येत होता.

"काय आहे?... खरं सांग."

"काही नाही," मी म्हणाले. "ताईत अस्सल आहे. काढू नका."

माझा आवाज जराही कापला नाही.