पाऊण तासाचं गुवाहाटी

पुण्याहून गुवाहाटी विमानमार्गाने सुमारे दोन हजार किलोमीटर. विजेवर चालणाऱ्या नव्या विमानांना हे अंतर कापायला पावणेसहा तास लागत; पण तिकिटावर छापलेलं असे, ‘अनुभूत वेळ : पाऊण तास.’ केबिनच्या हवेत ‘कालशामक’ नावाचं बिनवासाचं बाष्प सोडलं जाई. त्याने मेंदूची वेळ मोजण्याची क्रिया मंदावे आणि प्रवास भुर्रकन संपल्यासारखा वाटे.

डॉ. रेवती उमाठे यांनीच या बाष्पाच्या चाचण्या घेतल्या होत्या. ‘प्रवाशांस सुरक्षित’ या अहवालाखाली सही त्यांचीच होती. आज त्या वडिलांना, निवृत्त भूमापक दिनकररावांना, ब्रह्मपुत्रा दाखवायला घेऊन निघाल्या होत्या.

सकाळी विमान उडालं. थोड्याच वेळात दिनकरराव म्हणाले, “रेवा, उजव्या हाताला मुंग्या येतायत गं.”

“हात अवघडला असेल, बाबा. जरा हलवा. नाहीच थांबल्या तर बोलावते कुणाला तरी.”

त्या मासिक चाळत राहिल्या. दोन-चारच पानं झाली, असं वाटलं. त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा वडिलांचं तोंड वाकडं झालं होतं, हनुवटीवरची लाळ सदऱ्यावर वाळली होती. त्यांनी बेल दाबली आणि त्याच क्षणी विमानाची चाकं धावपट्टीला टेकली.

नाकात गाळणी लावलेली हवाई सेविका धावत आली. “मला वाटलं, आजोबा झोपलेत. सगळेच झोपतात हो!”

इस्पितळात तरुण डॉक्टरने हिंदीत विचारलं, “लक्षणं कधी सुरू झाली? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.”

“तासाभरापूर्वी,” रेवती म्हणाल्या. अगदी खात्रीने.

डॉक्टर औषधाकडे वळला. तेवढ्यात रेवतींची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली आणि अंगावर सर्रकन काटा आला.

“थांबा! देऊ नका. सहा तास झालेत.”

“मघाशी तर तुम्ही एक तास म्हणालात?”

“तो मला वाटलेला.”

आता ते इंजेक्शन दिलं असतं, तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती होती. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेल्या होत्या.

संध्याकाळी विमान कंपनीच्या संचालकांचा फोन आला. आवाज मधाळ होता. “फार वाईट झालं, मॅडम. पण एक समाधान माना. वडिलांना त्रासही पाऊण तासच जाणवला असणार. तुमच्याच अहवालात आहे ना तसं?”

रेवतींनी फोन बंद केला, बेसिन गाठलं आणि भडाभडा ओकल्या. तोंड धुऊन आरशात पाहिलं. संचालकांची किळस आली होतीच, पण आरशातला चेहरा त्याहून सहन होत नव्हता. चाचणीत तिघांना वेदनेचं भान राहिलं नव्हतं. ‘किरकोळ निरीक्षण’ असं नाव देऊन त्यांनीच ते परिशिष्टात ढकललं होतं.

वडिलांच्या खाटेशी बसून त्यांनी विमान सुरक्षा आयोगाला पत्र लिहिलं. त्या तिघांची नोंद जोडली, स्वतःचा दोष लिहिला, खाली सही केली.

दिनकरराव डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे टक लावून बघत होते. त्या पावणेसहा तासांत हे डोळे असेच आपल्याकडे लागले होते का? आणि त्यांना तो वेळ खरंच पाऊण तासाचा वाटला असेल का?