चौकटीबाहेर गेलेलं नाव

प्लोवदिव शहरात खासगी तपास करणाऱ्या रुम्याना यान्कोवाच्या दारात कलिना धापा टाकत उभी राहिली. रुम्यानाचा मदतनीस बोयको चीज भरलेली बानित्सा खात होता. भाचीचा चेहरा पाहून तो ताडकन उठला.

"मामा, वाट लागली! आमच्या नव्या वेबसाइटचं चित्र दुसऱ्या कंपनीकडे पोचलं. डिझाइन माझं, म्हणून चोरही मीच! संध्याकाळी मालकीणबाई मला हाकलणार."

बोयकोने बानित्सा बाजूला ठेवली. पोरगी या नोकरीला विटली होती, हे त्याला ठाऊक होतं.

रुम्यानाने कलिनाच्या फोनवर ते बाहेर फुटलेलं चित्र निरखलं. त्यात एका गिऱ्हाइकाचं नाव चौकटीबाहेर गेलं होतं.

"तुझ्या डिझाइनमध्ये असं आहे?"

"छे! माझ्याकडे सगळी नावं चौकटीत बसतात."

कलिनाच्या ऑफिसात प्रोग्रामर झिवको फणकारला, "हिचं डिझाइन बघून मी वेबसाइटचं खरंखुरं चालतं पान बांधलं. ते तीनच मशीनवर उघडतं: माझ्या, हिच्या आणि मेतोदीच्या. हिने विकत घेतलेली खास अक्षरं, म्हणजे फॉन्टसुद्धा मी पेनड्राइव्हवरून माझ्या मशीनवर टाकली. बघा, कसं झकास दिसतंय!"

खरंच, नावं नीट बसली होती.

मेतोदी या दोघांच्या कामाची सांगड घालायचा. "यांची भांडणं मिटवता मिटवता टक्कल पडलं, बाई! ते पान मी अजून उघडलंही नाही."

"मग कलिनाच..." बोयको घाम पुसत पुटपुटला.

"गप रे!" रुम्यानाने त्याला दटावलं.

संध्याकाळी मालकीणबाईंसमोर रुम्याना म्हणाली, "डिझाइनमध्ये नाव बाहेर जात नाही. म्हणजे फुटलं ते चालतं पान. पण कलिना आणि झिवकोच्या मशीनवर तेही नीट दिसतं, कारण ती अक्षरं दोघांकडे आहेत. झिवको, तू ती साइटवर चढवायलाच विसरलास! जिथे ती नाहीत, तिथे साधी, रुंद अक्षरं येतात आणि नाव बाहेर जातं. मेतोदी, उघडा पान."

मेतोदी हलेना. शेवटी मालकीणबाईंनीच ते त्याच्या मशीनवर उघडलं. नाव चौकटीबाहेर गेलेलं होतं.

"त्या कंपनीने मला भागीदारी देऊ केली होती," मेतोदी खालमानेने म्हणाला.

मालकीणबाईंनी कलिनाची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि ती बोयकोकडे वळली.

"मामा, तुलाही वाटलं ना, मीच?"

खोटं बोलायला बोयकोची जीभ रेटेना. "वाटलं गं," तो म्हणाला.

कलिनाने पर्स उचलली आणि त्याच्यासाठी न थांबता जिना उतरून गेली.