वारशाने आलेला संशय

मैत्रेयी खोब्रागडे ‘विद्युल्लेखा’ कंपनीच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या, त्या सकाळी त्यांनी प्रत्येकाला नाव विचारले; कोणावर विसंबायचे, हे मात्र त्यांना कोणाला विचारावे लागले नाही. स्वागतकक्षातल्या बाईंशी त्या जुन्या शेजारणीशी बोलावे तशा बोलल्या. चाचणी विभागाच्या प्रमुखाला पाहताच त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटले, आणि या अनोळखी माणसाचे आपल्याला कौतुक का वाटते आहे, या विचाराने त्या स्वतःशीच हसल्या. मग त्या विश्राम देवतळेच्या टेबलापाशी आल्या. पुढे केलेला त्यांचा हात अर्ध्यावर थबकला. दुसऱ्या हातातला टॅब्लेट त्यांनी पालथा करून छातीशी धरला, आणि मगच हस्तांदोलन केले.

विश्रामने ते पाहिले. आधीचे प्रमुख नंबियार यांनीही पहिल्याच भेटीत त्याच्यासमोर लॅपटॉप मिटला होता.

नागपुरातली ही कंपनी शहरांच्या वीजवाटपाचा प्रोग्राम तयार करीत असे. उन्हाळ्यात विजेची मागणी पुरवठ्याच्या वर गेली, की कोणत्या भागाची वीजवाहिनी किती वेळ बंद ठेवायची, हे आता माणूस ठरवीत नव्हता. विश्राम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम ठरवीत होता. त्यात होणाऱ्या प्रत्येक बदलाला अखेरची मान्यता मुख्य अभियंत्याची लागे. ते पद रिकामे होते. विश्रामइतका तो प्रोग्राम कोणालाच ठाऊक नव्हता, तरी संस्थापक आष्टीकरांच्या काळात एकदा आणि नंबियारांच्या काळात एकदा, असा दोनदा त्याचा अर्ज फेटाळला गेला होता. दोन्ही वेळा बाहेरून माणूस आणला गेला आणि वर्षभरात तो निघून गेला. तिसरा अर्ज आता खोब्रागडे यांच्यासमोर होता.

नवा प्रमुख पहिल्याच दिवशी माणसे कशी ओळखतो, हे त्या काळात कोणाला कोडे राहिले नव्हते. कंपन्यांचे मालक आणि प्रमुख सारखे बदलत. नव्या माणसाला कोण भरवशाचा आणि कोण नाही हे कळायला वर्ष लागे, आणि तोवर तो स्वतःच दुसरीकडे निघालेला असे. यावर मेंदूविज्ञानाने तोड काढली होती. काय घडले याची आठवण आणि त्याविषयी काय वाटले ही भावना, या दोन गोष्टी मेंदू एकाच ठिकाणी ठेवीत नाही. ज्याची स्मृती पार पुसली गेली आहे, असा रुग्णसुद्धा आपल्याला दुखावणाऱ्या हातापासून अंग चोरतो. का चोरतो, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून जाणाऱ्या प्रमुखाला यंत्रात निजवून एकेका सहकाऱ्याचा चेहरा दाखवीत, आवाज ऐकवीत, आणि त्या क्षणी मेंदूतल्या बदामाएवढ्या भागात उठणाऱ्या तरंगांची नोंद घेत. या नोंदीला ‘भावठसा’ म्हणत. येणाऱ्या प्रमुखाला तेच चेहरे दाखवून चुंबकीय स्पंदनांनी तेच तरंग त्याच्या मेंदूत उठवीत. त्याला ‘ठसांतर’ म्हणत. भावना तेवढी जाई. कारण मागे राही.

घरी विश्रामने टॅब्लेटची हकीकत सांगितली. त्याच्या मते आपल्याविरुद्ध कोणीतरी आष्टीकरांचे कान भरले होते आणि तेच विष पुढच्या दोघांत उतरले होते. कोणी भरले असतील, याची तो जेवताना एकेक नाव घेऊन छाननी करू लागला. त्याची बायको यामिनी वर्ध्याची. तिला आडवळणाचा कंटाळा होता.

“तू अख्ख्या ऑफिसावर संशय घेऊन राहिला,” ती म्हणाली. “अन् म्हणतो, लोक माझ्यावर संशय घेतात. ज्यानं हे ठसे काढले त्यालाच काहून नाही विचारत?”

ठसे काढणारे डॉ. काळमेघ शहरातच होते. स्थूल, मिस्कील आणि प्रश्न आवडणारे गृहस्थ. विश्रामचे म्हणणे त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतले.

“देवतळे साहेब, समजा तुमच्या प्रोग्रामचं उत्तर तेवढं ठेवलं आणि आतली आकडेमोड फेकून दिली. उत्तर बरोबर आहे का, हे तपासाल कसं?”

“नाही तपासता येणार.”

“आम्ही उत्तर विकतो,” काळमेघ म्हणाले. “आकडेमोड विकत नाही.”

कारणही सोबत का पाठवीत नाही, असे विश्रामने विचारले. डॉक्टरांनी समजावले, की कारण म्हणजे आठवण, आणि आठवणीत इतरांची नावे येतात, खासगी प्रसंग येतात. ते दुसऱ्याच्या डोक्यात घालायला कायदा परवानगी देत नाही. नुसती भावना हा पुरावा नव्हे, म्हणून तिच्यावर दावाही चालत नाही. मात्र एक अडचण त्यांनी मान्य केली. कारणाविना भावना बाळगणे माणसाला जमत नाही. रिकाम्या जागी तो काहीतरी कारण आणून बसवतो, आणि मग ते कारण भावनेला आणखी घट्ट करते.

“नंबियारांनी तुमच्या बाबतीत काय बसवलं होतं?”

“संवादकौशल्य अपुरं आहे, असं लिहिलं होतं.”

“पाहा. आता तर तुम्ही चांगले तासभर बोलत आहात.”

मूळ आष्टीकरांपाशी होते, एवढे विश्रामला उमगले. कंपनी विकून ते चिखलदऱ्याला राहायला गेले होते. रविवारी तो तिकडे गेला तेव्हा म्हातारा अंगणात कॉफीची फळे वाळत घालीत होता. त्यांनी त्याला जवळ बसवून घेतले, यामिनीची चौकशी केली, आणि प्रश्न ऐकल्यावर बराच वेळ हातातल्या बिया चाळवीत राहिले. कोणी कान भरले होते का, हे विश्रामने तीन प्रकारे विचारले. तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली.

“तुझ्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढला नाही,” ते शेवटी म्हणाले. “पण तू माझ्या केबिनच्या दारात कधी यायचास, आठव. काही बिघडलं, की. बाकीचे चुका झाकायचे. तू धुंडाळून काढायचास आणि माझ्यापुढे आणून ठेवायचास. तू दिसलास, की माझ्या पोटात गोळा यायचा. त्यांनी मला यंत्रात घातलं आणि तुझा चेहरा दाखवला, तेव्हाही आला असणार.”

“म्हणजे तुमचा माझ्यावर संशय नव्हता?”

“अरे, तू होतास म्हणून मला झोप लागायची. पण ती झोप काही त्या यंत्रात दिसली नसेल.”

“मग बढती का नाकारलीत?”

म्हातारा ओशाळला. “रोज सकाळी तुझं तोंड पाहायची हिंमत नव्हती, विश्राम. दुसरं काही नाही.”

ज्या प्रामाणिकपणाच्या बळावर विश्राम पद मागत होता, त्याचीच ही करणी होती. चूक घेऊन येणारा आणि चूक करणारा यांतला भेद आष्टीकरांच्या बुद्धीला ठाऊक होता. त्यांच्या पोटातल्या गोळ्याला ठाऊक नव्हता. आणि वारशाने पुढे गेला तो गोळा. दुसऱ्याच्या अंगात शिरताना त्या धास्तीला संशय हे नाव मिळाले.

सोमवारी त्याने हे सारे खोब्रागडे यांना सांगितले. त्या वकिलाच्या घरात वाढल्या होत्या आणि पुराव्याशिवाय मत बनवणे त्यांना अंगाला माती लागल्यासारखे वाटे. त्यांनी थेट चिखलदऱ्याला फोन लावून खातरजमा केली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी तुमच्याशी खरं बोलते, देवतळे. आष्टीकर सांगतात ते मला पटलं. शंभर टक्के पटलं. तरी या क्षणी तुम्ही समोर बसलेले मला नको आहात. तुम्ही काहीतरी दडवताय, असं वाटतंच आहे.”

“मग काय करायचं, मॅडम?”

“तुम्हाला मुख्य अभियंता करायचं,” त्या म्हणाल्या. “मला काय वाटतं यावर माझा ताबा नाही. सही कुठे करायची, यावर आहे.”

त्यांनी शिफारस केली, संचालक मंडळाने ती मान्य केली, आणि सोबत नेहमीची अट घातली: मुख्य अभियंत्याचे ठसांतर झाले पाहिजे. ज्याच्या हाती अखेरची मान्यता, त्याला कोणाच्या कामाकडे दोनदा पाहायचे हे आतून कळायला हवे, असा त्यामागचा विचार होता. कंपनीचा ठसा एकच होता. त्यात आष्टीकरांच्या मुळावर नंबियारांचा थर चढला होता. आजवर तो घेणारे सगळे बाहेरून आलेले होते. ज्याचा चेहरा त्या ठशातच आहे, असा विश्राम पहिलाच.

डॉ. काळमेघांनी या वेळी थट्टा केली नाही. तुमचा चेहरा आणि आवाज तेवढा वगळता येईल, ते म्हणाले. पण त्यासाठी मंडळाची परवानगी मागावी लागेल. विश्रामने त्यावर पुरता विचार केला. माझ्याविषयीचा भाग काढून टाका, अशी विनंती करणाऱ्याविषयी मंडळाला काय वाटेल, हे त्याला लख्ख दिसत होते. शिवाय त्याचा युक्तिवाद त्याच्या मते निर्दोष होता. इतरांना मी चेहऱ्यावरून आणि आवाजावरून कळतो. मला मी आतून कळतो. परक्याची भावना माझ्या आणि माझ्या मध्ये येईलच कशी? आणि ती आली तरी तिचे कारण मला ठाऊक आहे.

“खोब्रागडे मॅडमनाही ठाऊक आहे,” काळमेघ म्हणाले.

“त्या मला ओळखत नाहीत. मी ओळखतो.”

“आपण स्वतःला ओळखतो, असं सगळेच म्हणतात. आम्हाला ते अजून मोजता आलेलं नाही. तुम्ही घाई करू नये, असं मला वाटतं.”

पण पदासाठी तो दोन प्रमुखांची कारकीर्द थांबला होता. त्याने संमती दिली.

ठसांतर आठवडाभर चालले आणि त्याचा काहीही त्रास झाला नाही. स्वागतकक्षातल्या बाई त्याला एकाएकी फार भल्या वाटू लागल्या. चाचणी विभागाच्या प्रमुखाशी त्याचे जुने भांडण होते, ते विरघळले. यामिनीने पेढे वाटले आणि माहेरी फोन करून साहेब झाल्याचे कळवले. पहिले काही दिवस विश्राम खरोखर सुखात होता.

मे महिन्यात ऊन चढू लागले. मान्यतेसाठी थांबलेल्या बदलांत एक बदल त्याचा स्वतःचाच होता, पद मिळण्यापूर्वी लिहिलेला. मागणी एका मर्यादेपलीकडे गेली, तर जुना प्रोग्राम शहराच्या पूर्वेकडच्या एका बालरुग्णालयाची वाहिनी बंद करील, हे त्यानेच शोधले होते आणि त्यानेच दुरुस्त केले होते. सहकाऱ्यांनी तपासून बदल पुढे पाठवला होता. मान्यतेचे बटण दाबायचे तेवढे उरले होते.

बदलाशेजारी त्याचे नाव आणि छायाचित्र होते. ते पाहताच त्याच्या पोटात गोळा आला.

तो थांबला. हा गोळा कोणाचा, कुठून आला, हे त्याने स्वतःला शांतपणे सांगितले. चिखलदऱ्याचे अंगणही आठवले. सगळे पटले. मग, केवळ खबरदारी म्हणून, त्याने तो बदल पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासायला घेतला. चूक सापडली नाही. इतक्या मोठ्या कामात एकही चूक नसावी, हे त्याला खटकले. ज्या बैठकीत त्याने हा दोष मांडला होता तिचे ध्वनिमुद्रण त्याने ऐकले, तेव्हा तो आवाज नको तितका सफाईदार वाटला. पाठ करून आल्यासारखा माणूस बोलतो आहे, असे त्याच्या मनात आले. दोष याच माणसाला कसा सापडतो दर वेळी? इतरांना का नाही सापडत?

घरीही तो जुन्या बैठका ऐकत बसे.

“काय शोधून राहिला तू?” यामिनीने विचारले.

“त्याने काहीतरी दडवलं आहे.”

“कोणी?”

विश्रामने कानातले यंत्र काढले नाही. यामिनी आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोब्रागडे त्याच्या खोलीत आल्या. भिंतीवरच्या फलकावर शहराची मागणी मर्यादेच्या दिशेने सरकत होती. रुग्णालयाच्या वाहिनीचा बदल अजून का अडला आहे, असे त्यांनी विचारले. सगळ्यांनी तपासला होता. कोणाचीच हरकत नव्हती.

“माझी आहे,” विश्राम म्हणाला. “बदल ठीक दिसतो. पण ज्याने लिहिला, त्याचा मला भरवसा वाटत नाही.”

त्यांनी पडद्यावरचे नाव वाचले. मग त्याच्याकडे पाहिले. अंगातल्या त्या बिनकारणाच्या भावनेशी त्या महिनोन्‌महिने एकट्याच झगडत आल्या होत्या, रोज तिच्याविरुद्ध निकाल देत आल्या होत्या. आणि त्या माणसाला सगळ्यांत जवळून ओळखणारा साक्षीदार आता समोर बसून तेच सांगत होता. तो खोटे कशाला बोलेल?

“मलाही नाही वाटत,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या. “कधीच नव्हता वाटत. पहिल्या ओळीपासून पाहू या.”

विश्रामने त्यांच्यासाठी पडदा वळवला. कोणीतरी अखेर आपल्या बाजूचे आहे, या जाणिवेने त्याचे मन हलके झाले. बाहेर मागणी चढत होती, आणि दोघे डोक्याला डोके लावून त्या माणसाचे काम तपासू लागले.