शनिवारची गळती

पहिल्याच भेटीत मी त्याच्या खांद्यावर घोरले! आता बोला.

नवा रायपूरच्या ऑफिसातून जुन्या रायपुरातल्या तात्यापारा वस्तीत घरी यायची ती संध्याकाळची बस. बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा शेजारचा पोट्टा माझ्याकडे टक लावून पाहत होता. मी त्याला झापणारच होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "मॅडम, रागावू नका... पण झोपेत तुमचा श्वास मधेमधे थांबून राहिला होता. मी तर घाबरलोच ना!"

"माझा श्वास मोजणारे तुम्ही कोण?"

"वासुदेव. तेच काम आहे माझं. झोपेच्या दवाखान्यात मशीन पाहतो."

एवढासा पोट्टा आणि नाव आजोबांच्या काळातलं! मला हसू आलं. पण सकाळी डोकं जड, ऑफिसात फायलींवर डुलक्या, हे माझं वर्षभर चाललंच होतं. तपासणी केली तर निघालं की झोपेत घसा मिटतो, तासाला वीस-पंचवीसदा श्वास अडतो. डॉक्टरांनी मशीन लिहून दिलं. रात्री नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवेचा दाब येतो आणि घसा उघडा राहतो. आणि घरी मशीन बसवायला आला कोण? वासुदेव!

रोज रात्रीची सगळी माहिती मशीन त्याच्या कॉम्प्युटरला पाठवायचं. काही आठवड्यांनी त्याचा फोन आला.

"मॅडम, एक विचारू? शनिवारी रात्री काय करता तुम्ही?"

"काय म्हणालात?" माझे कानच गरम झाले.

"अहो, तसं नाही! बाकी दिवस ठीक आहेत. शनिवारीच मास्कमधून हवा गळून राहिली. श्वासही जास्त अडून राहिला."

मी विचारात पडले... आणि जीभ चावली. रविवारी न्हायचं म्हणून शनिवारी रात्री आई माझ्या केसांना तेल चोपडते आणि हाताला उरलेलं गालांना. मास्क टिकेल कसा!

"तेल सकाळी लावा," तो हसत म्हणाला. "अन् मास्क लावल्या लावल्या गुदमरल्यासारखं होते का?"

"हो ना. हवाच पुरत नाही."

"डॉक्टर सरांना विचारून सुरुवातीचा दाब थोडा वाढवतो."

डॉक्टर हो म्हणाले, दाब वाढला. दुसऱ्या दिवशी उठले तर डोकं कसं हलकं! चहाचा वास आला, आईच्या बांगड्या ऐकू आल्या. किती दिवसांनी मी खरीखुरी जागी झाले होते. त्याला मेसेज केला, 'झोप झाली.'

उत्तर लगेच. 'माहीत आहे. तुमचा ग्राफ पाहूनच चहा प्यायलो.'

मग फोन वाढतच गेले. आधी गळतीची चौकशी, मग मी जेवले का याची... मलाही त्याच्या फोनची सवय लागली, खोटं कशाला बोलू?

अशात अमरावतीचे यशवंतराव मुलाला घेऊन मला पाहायला आले आणि मुक्कामाला थांबले. आईनं मशीन कपाटात कोंबलं. "एक रात्र नाही लावलं तं काय होते? पोट्टी घोरते म्हटलं तर कोण करून घेईल तुले?"

सकाळी वासुदेवचा फोन. "काल मशीन बंद होतं. तब्येत ठीक आहे ना?"

मी सगळं सांगितलं. त्यानं हळूच विचारलं, "लग्न... ठरून राहिलं का?"

"काहून? तुमच्या रिपोर्टात तसा रकाना आहे का?"

"नाही. पण उल्का—" पहिल्यांदाच त्याच्या तोंडून माझं नाव आलं, "तिकडे गेल्यावरही कपाटातच ठेवाल का? श्वास आहे तुमचा. लपवून कसा घ्याल?"

मला रडूच फुटलं. डोळे पुसले, कपाट उघडलं आणि मशीन पाहुण्यांसमोर आणून ठेवलं. "मी हे लावून झोपते. कदाचित आयुष्यभर लागेल."

यशवंतरावांनी चहा अर्धाच ठेवला. "आधी सांगायचं होतं, ताई," आईला म्हणाले आणि दुपारच्या गाडीनं निघून गेले. आई माझ्याशी बोलेना. मी वासुदेवला कळवलं, 'सांगून टाकलं. स्थळ गेलं.'

संध्याकाळी उत्तर आलं. 'उद्यापासून तुमचं मशीन सोनिया मॅडम पाहतील.'

म्हणजे हाही! मी रागारागात फोन लावला. "काहून? मी जड झाले का तुम्हाला?"

"तसं नाही ना..." तो अडखळला. "पेशंटच्या घरी मागणी घालायला जाता येत नाही मले. म्हणून तुमची फाईल देऊन टाकली."

मी फोन घेऊन गच्चीवर गेले.

"घरी आईलेही सांगितलं आज. मास्क, नळी, रात्रभराचा आवाज... सगळं."

"मग?" माझा जीव टांगणीला.

"ती म्हणाली, तुझ्या पलंगाजवळ तर प्लगच नाही. इलेक्ट्रिशियनले कधी बोलावू?"

हसू आणि रडू एकदमच आलं. आजवरचं अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं.

"उद्याच बोलाव, वासुदेव."