पिक्चरमधले आमचे हात

माझ्या बोकडानं महाराजांचा हार खाल्ला, तिथून हे सगळं सुरू झालं.

ते महाराज खोटे होते. पालीच्या धरणाखाली निजामाच्या काळातल्या एका विनोदी पिक्चरचं शूटिंग चालू होतं. मठाच्या गादीवरच्या महाराजाला कधी लाडवांचा मोह पडतो, कधी मखमलीच्या लोडाचा, शेवटी तर एका बाईचाच... अशी गोष्ट. त्यासाठी आमची शेरडं भाड्यानं घेतली होती आणि त्यांच्यामागं मी.

बोकडाच्या तोंडातून हार ओढायला धावला तो जीवन. हा मात्र खरा. आमच्या गावच्या गडावरच्या मठातला शिष्य. नवसाचं पोर म्हणून आईनं लहानपणीच गडाच्या महंतांच्या, बाबांच्या पायाशी सोडलेला; त्यांच्यामागं गादी त्याचीच. नटाला वीणा धरायला, गंध लावायला शिकवायचं म्हणून तो रोज यायचा.

"हार खाऊन बोकडबी महाराज झाला की!" तो म्हणाला.

"मग पडा त्याच्या पाया."

"आधी मालकिणीच्या पडतो..." बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. मीही कुठं कमी लाजले!

मग रोज दुपारी बाभळीखाली शेंगा सोलत गप्पा व्हायला लागल्या.

"गादीवर बसलं की समोर कोणतीबी बाई येऊ दे, तिला माय म्हणायचं. बारकी पोरगी आसली तरी. गडाची रीतच हाय."

"मलाबी?"

त्यानं सोललेले दाणे माझ्या ओंजळीत टाकले. "तुला माय म्हणायला माझी जीभ उचलायची न्हाई, योगिता."

वेड्यासारखी मी ते दाणे घरी घेऊन गेले. खाल्लेच नाहीत.

शेवटच्या दिवशी भाकरीचा सीन होता. महाराज मोहात पडून त्या बाईच्या हातची भाकर घेतो, एवढंच. पण नटीची खोटी नखं भाकरीत रुतायची आणि नटाच्या मनगटावर टॅटू होता. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "त्या शेरडंवालीचे हात घ्या. आणि त्या शिष्याचे. तोंडं दिसणार नाहीत."

जीवनचा हात पुढं आला, भाकरीखाली माझ्या बोटांना लागला... आणि तिथंच थांबला. सीन संपला तरी त्याला भान नव्हतं. शूटिंगवाले पोट धरधरून हसले. "काय ॲक्टिंग करतो बे!" कुणीतरी ओरडलं.

"पिक्चरातला महाराज गादी सोडतो," वाटेत मी म्हणाले. "तुमी?"

"सांगतो बाबांना. शब्द हाय माझा."

पण त्याच आठवड्यात बाबांनी अंथरूण धरलं. जीवन आमच्या वाड्याच्या... छे, वाडा कसला, शेरडांच्या कुडाशी येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले.

"त्यांनी मला लहानाचा मोठा केला. त्यांना घास भरवताना कसं सांगू, की मला गादी नको?"

"आन् मला सांगायला सोपं व्हय?"

मी खूप भांडले, रडले. त्याच्या मागं कुठवर पळणार होते? बाबा गेले, आणि गडावर गादीचा दिवस ठरला.

सगळं गाव रांगेत होतं. पुढं आई, मागं शेजारच्या रतनबाई. फेट्यात, गंधात जीवन ओळखू येईना. प्रत्येक बाईच्या हातावर प्रसाद ठेवून तो म्हणत होता, "सुखी राहा, माय."

माझी पाळी आली. प्रसादाचा हात पुढं आला. शब्द आला नाही.

"काय गं? महाराज बोलंनात कावून?" रतनबाई म्हणाल्या. माणसं माना वळवून बघायला लागली.

मला माय न म्हणायचा तेवढा शब्द त्यानं पाळला होता. माझ्यापायी पाळला होता, आणि आणखी घडीभर पाळला असता तर गावानं त्याला जिवंत ठेवलं नसतं. मला त्याचा इतका राग आला, इतकी माया आली... मी खाली वाकले.

"बाबा," मी म्हणाले, "लेकराला आशीर्वाद द्या."

त्यानं प्रसाद माझ्या हातावर ठेवला.

"सुखी राहा... माय."

पुढं पिक्चर बीडला लागला. आईनं हौसेनं नेलं. भाकरीच्या सीनला सगळं थेटर हसलं. शेवटी महाराज माळ फेकून बाईचा हात धरतो आणि माझ्या शेरडांमधून पळून जातो, तेव्हा तर शिट्ट्याच शिट्ट्या.

"अगं, भाकरीवाला तो हात तुझाच की!" आई खुशीनं म्हणाली.

दुसरा कुणाचा, ते तिनं विचारलं नाही.