पहिलं पाऊल

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या समशीतोष्ण वर्षावनात बाप-लेक सहलीला आले होते, पण एकत्र चालायची सोय नव्हती. लेकीने, मृणाल वर्तकनेच, बनवलेली ‘पाऊलवाटप’ यंत्रणा प्रत्येकाला वेगळी, कोरी वाट आखून देई. एकदा पाऊल पडलं, की त्या जागी पाच वर्षं दुसरं पडू द्यायचं नाही. उद्या ही यंत्रणा आणखी चाळीस वनांत जाणार होती. फक्त मृणालचा होकार बाकी होता.

"सोपी सहल म्हणे!" कानातल्या यंत्रातून नाना करवादले. ते वीस हातांवर एका आडव्या ओंडक्यापाशी अडकले होते. "गुडघ्यांचा पार भुगा झाला. जुन्या पायवाटेने गेलो असतो, तर एव्हाना डबा उघडला असता."

"नाना, किती वेळा सांगू? पायवाट म्हणजे जंगलावरचा व्रण. भार सगळीकडे वाटला, की कुणालाच इजा नाही."

नानांची हयात मृदाशास्त्रात गेली होती. त्यांनी काठी शेवाळात खुपसली. बोटभरच गेली. दहा ठिकाणी तेच. शेजारी दोरी बांधलेली होती. बंद केलेली पायवाट भरून यावी, म्हणून तिच्या कडेचा पट्टा यंत्रणेने वर्ज्य ठेवला होता. नानांनी दोरीपलीकडच्या, कुणीच न तुडवलेल्या त्या पट्ट्यात काठी टोचली. ती मुठीपर्यंत आत गेली.

"इकडे ये," ते म्हणाले. मृणाल आली, तिच्या आखलेल्या वाटेवरून चडफडत.

"पण शेवाळ पाच वर्षांत परत येतं! उपग्रहातून मोजलंय मी."

"वरचं हिरवं मोजलंस. खालची माती आधीच्या पावलांनी दबलेलीच आहे, तिला मोकळं व्हायला पिढ्या लागतात. लादीपाव पहिल्याच दाबाला बसतो. मग शंभरदा दाब, काय फरक पडतो? पायवाटेवर ते नुकसान एकदाच झालं होतं. तू प्रत्येकाला नव्या जागी पहिलं पाऊल टाकायला लावलंस."

मृणालने वर पाहिलं. दबलेल्या मातीत मुळांना पाणी न मिळाल्याने सीडर वृक्षांचे शेंडे वाळले होते. अहवालात तिने त्याचं खापर दुष्काळावर फोडलं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"सात वर्षं, नाना! सात वर्षं मीच हे जंगल तुडवून घेतलं." तिने तिथूनच कार्यालयाला नकार कळवला.

परतीसाठी यंत्राने दोन कोऱ्या वाटा आखल्या. मृणालने नानांना त्यांच्याच ठशांवरून मागे वळवलं आणि त्या ठशांत आपले बूट ठेवत निघाली. यंत्र लगेच कडाडलं, "नियमभंग! आपल्याला या वनात कायमची प्रवेशबंदी."

"आवाज ओळखीचा वाटतो गं," नाना थबकून म्हणाले.

"माझाच आहे. मराठी सूचना मीच बोलले होते, खास तुमच्यासाठी. चला पुढे. आणि नाना, पाऊल इकडेतिकडे टाकू नका."