लाजेची जीभ

मी केस विकतो. दचकू नका, देवीचे. ताग काळा रंगवायचा, वाळवायचा, कुरळा करायचा. आमच्या बंगालात जलंगी नदीच्या दोन्ही काठांवर जेवढ्या काली उभ्या राहतात, त्यातल्या बऱ्याच जणींच्या पाठीवर माझाच माल रुळतो. एकदा एका बाईने विचारलं, "कुंडूमशाय, गळणार नाहीत ना?" म्हटलं, "आई, विसर्जनापर्यंतची हमी. पुढचं नदीला विचारा."

धंदा असा हसतखेळत चालतो. पण मोइत्रांच्या घरचं सांगताना मला हसू येत नाही.

भूतचतुर्दशी होती, कालीपूजेचा आदला दिवस. ऊन उतरलं होतं, दिवे लागायला थोडा अवकाश होता. घरोघरी पूर्वजांच्या चौदा पणत्या मांडून ठेवलेल्या, आणि चौदा पालेभाज्या एकत्र शिजल्याचा तो कडवट हिरवा वास गल्लीभर पसरलेला. खांद्यावर केसांचा भारा आणि दोन्ही हातांत, फुंकरीनेही मोडेल असा, शोल्याच्या, म्हणजे पाणरोपाच्या भेंडाचा पांढरा मुकुट घेऊन मी मोइत्रांच्या अंगणात शिरलो. गेल्या साली मी आजारी होतो, माल नोकराबरोबर पाठवला होता. पण वाट पायाखालची.

देवीच्या दालनाला रुंद दगडी पायऱ्या आहेत. मधल्या पायरीवर कोणीतरी झोपलं होतं. डोक्यावरून चादर, तोंड भिंतीकडे. मुकुटाच्या आडून मला एवढंच दिसलं, आणि चुकवता चुकवता माझा पाय त्याच्या बरगड्यांना लागला. असा पाय लागला की त्या माणसाला हात लावून तो आपण कपाळाला लावतो. पण माझे हात कुठे मोकळे होते? मी नुसती जीभ दातांत धरली.

चादरीतून कोरडा, दमलेला आवाज आला... "असू दे."

रीतच आहे तशी. एकाने जीभ चावायची, दुसऱ्याने 'असू दे' म्हणायचं. मी वर गेलो.

वर मूर्तिकार गौर पाल चिंचोक्याच्या खळीचं भांडं मांडीशी घेऊन बसला होता.

"या, केसवाले. येताना एखादी जीभ पण आणायचीत."

देवीच्या तोंडात जीभ नव्हती.

"बसवतो, वाळते, रंग चढवतो. सकाळी येऊन बघावं तर शंकराच्या छातीवर पडलेली. पुन्हा बसवतो, पुन्हा तेच."

"खळ पातळ झाली असेल."

"तुमचे केस पातळ असतील!" तो खेकसला.

मी वर पाहिलं. रणात बेभान झालेली ती, वाटेत आडवा पडलेला नवरा. त्याच्या छातीवर पाय पडला आणि लाजेने तिची जीभ दातांत आली. ती जीभ आहे म्हणून ती आपल्याला आई वाटते. त्या संध्याकाळी त्या चेहऱ्यावर राग तेवढा उरला होता. लाज गेली होती.

घरमालक भवतोषबाबू आतून आले. पांढरी मिशी, कडक इस्त्रीचं धोतर, पण डोळे जागरणाने सुजलेले.

"पुरोहित म्हणतात, जिभेवाचून पूजा होणार नाही. पणजोबांपासूनची पूजा, कुंडूमशाय... माझ्या हातून मोडायची वेळ आली."

त्यांचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून मी म्हटलं, "पायरीवर पाहुणे कोण झोपलेत? माझा पाय लागला त्यांना. पण मोठ्या मनाचे हो, लगेच 'असू दे' म्हणाले."

गौरचा कुंचला हवेत थांबला. दारात भवतोषबाबूंच्या पत्नी हेमबौठान, आपल्या हेमवहिनी, पणत्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. ताट उंबऱ्यावर ठेवून त्यांनी विचारलं,

"कोणत्या पायरीवर?"

"मधल्या. भिंतीकडे तोंड करून..."

"अनादि," त्या म्हणाल्या.

"गप्प बस!" भवतोषबाबू ओरडले.

"वर्षभर गप्पच आहे मी." मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आमचे धाकटे दीर. छातीचा रोग झाला होता. गेल्या पूजेला पाहुणे येणार, म्हणून यांनी त्यांचं अंथरूण खोलीतून काढून पायरीवर टाकलं. सगळं घर त्यांना ओलांडून वरखाली करत होतं. नैवेद्याचं ताट घेऊन मीसुद्धा. भाऊबीज उजाडायच्या आत गेले."

"डॉक्टरच म्हणाले होते, मोकळ्या हवेत ठेवा!"

"हवेत म्हणाले होते. पायाखाली नाही." बौठान पुढे आल्या. "तुमचा पाय लागला होता त्यांना. मी बघत होते. जीभसुद्धा चावली नाहीत. 'सरक' म्हणालात."

माझी मान आपोआप खाली गेली. दुसऱ्याच्या घरची लाज उघडी पडली की बघणाऱ्यालाच जागा उरत नाही. खाली मान घातली तर समोर पायरी. रिकामी होती.

भवतोषबाबू उतरले. मधल्या पायरीशी वाकले, दगडाला हात लावला, हात कपाळाला नेला. आणि तो पिकल्या मिशीचा माणूस, लहान पोरासारखी जीभ दातांत धरून तसाच वाकून राहिला. ऐकत राहिला.

आम्हीही ऐकत राहिलो. अंगणात अंधार भरत आला.

"अनादि... अरे..."

काही नाही.

"बसली," माझ्या मागून गौर पुटपुटला. त्याने पुन्हा लावलेली जीभ या वेळी दगडासारखी घट्ट बसली होती. विसर्जनाच्या पाण्यातसुद्धा ती सगळ्यात शेवटी विरघळली.

पूजा तेव्हापासून कधी मोडली नाही. मीही दर साली जातो. हात भरलेले असतात, पाय कशाला तरी लागतो, कोमट असतं ते... आणि 'असू दे' असा आवाज येतो. उतरताना भवतोषबाबू माझी बाही धरतात. आता फार थकलेत, अंगणात वेताच्या बुटक्या बैठकीवर बसून असतात.

"आज काही म्हणाला?"

"नाही, बाबू."

परक्याला दरसाल मिळतं ते सख्ख्याला मिळत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?

यंदा मात्र चादरीतून जरा जास्त शब्द आले. "असू दे... मी सरकलोय. दादाला जागा झालीय."

मी खाली आलो. बाही धरली गेली. आधीपेक्षा हलकी पकड, आणि बरगड्यांत चादरीतल्या आवाजासारखाच कोरडा खोकला.

"काही म्हणाला?"

मी जीभ दातांत धरली.